चिनी राजवाड्यांच्या छपरांवर ओळीने बसलेली ती जनावरं कोण आहेत? ती नुसती शोभेची आहेत का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बीजिंगला जाताय आणि निषिद्ध नगरीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या शाही राजवाड्याच्या, फोटोंमध्ये छपरांच्या कोपऱ्यांवर रांगेने बसलेली छोटी जनावरं पाहून कुतूहल वाटलं. मी काही वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. तेव्हा सिंहासन बघायला जेवढा वेळ दिला, त्याहून जास्त वेळ मान वर करून त्या रांगा मोजण्यात घालवला. त्यामुळे हा प्रश्न वाचून फार आनंद झाला.

शोभा त्यात आहेच, पण मूळ कारण खिळ्याचं आहे. माझं बालपण कोकणातल्या कौलारू घरात गेलं, म्हणून मला ते चटकन पटलं. आढ्याचं पाणी वळचणीला, हे आपण म्हणीत म्हणतो, पण पाण्याबरोबर कौलंही हळूहळू खाली सरकू बघतात. चिनी राजवाड्यांची कौलं जाड आणि जड, वर काचेसारखा पिवळा मुलामा दिलेला. दोन पाखं जिथे कोपऱ्यात मिळतात, त्या उतरत्या कण्यावर त्यांचा सगळा भार खालच्या टोकाकडे येतो. म्हणून तिथली कौलं खिळ्यांनी जखडतात. मग खिळ्याच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि खालचं लाकूड कुजतं. त्यावर टोपी हवी. त्या टोप्यांनीच पुढे जनावरांचे आकार घेतले.

आकार कोणते घ्यायचे हे मात्र भीतीने ठरवलं, आणि ती भीती आगीची होती. ही सगळी वास्तू लाकडी आहे. मुख्य सभागृह, ज्याला आज ताइहेदियान म्हणतात, 1420 मध्ये पुरं झालं आणि 1421 मध्ये वीज पडून जळालं. त्यानंतर 1557, 1597 आणि 1679 या सालीही ते आगीत गेलं. आज आपण बघतो ती इमारत 1695 ते 1697 या काळात उभी राहिली. अशा छपरावर पाणी आणणारी जनावरं बसवावीशी वाटली, यात नवल नाही.

रांगेत सर्वांत पुढे, अगदी टोकावर, पक्ष्यावर स्वार झालेला एक माणूस दिसेल. लोककथा सांगते की शत्रूने घेरलेल्या राजाला एका मोठ्या पक्ष्याने पाठीवर घेऊन वाचवलं, तोच हा. त्याच्या मागे ड्रॅगन, फिनिक्स, सिंह, स्वर्गातला घोडा, समुद्रातला घोडा, मग सिंहासारखाच दिसणारा सुआननी, पाऊस आणणारा जलचर, शिएझी आणि खवल्यांच्या अंगाचा बैल. स्वर्गातल्या घोड्यामागे खरा इतिहास आहे: हान घराण्याचा सम्राट वू याने मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातल्या घोड्यांसाठी सैन्य पाठवलं होतं, आणि त्या घोड्यांना ‘स्वर्गीय घोडे’ हेच नाव होतं.

मला सर्वांत भावला तो शिएझी. एकशिंगी, बकरीसारखा. दोन माणसं भांडत आली की खोटं बोलणाऱ्याला हा शिंगाने ढुशी देतो, अशी समजूत. पुराणकाळातला न्यायाधीश गाओ याओ याच्याकडे असा एक प्राणी होता म्हणतात. मिंग आणि चिंग या राजघराण्यांच्या काळात अधिकाऱ्यांवर नजर ठेवणारे राजनिरीक्षक छातीवर शिएझीचं भरतकाम केलेलं चिन्ह लावत. ‘कायदा’ या अर्थाच्या चिनी अक्षराच्या जुन्या रूपात या प्राण्याचं चिन्ह लपलेलं आहे. राजाच्या डोक्यावरच्या छपरावर न्यायाची आठवण बसवून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

जनावरांची संख्या इमारतीचा मान सांगते. ती विषम असते: सम्राटाच्या निवासावर 9, सम्राज्ञीच्या महालावर 7, इतर राण्यांच्या महालांवर साधारण 5. फक्त ताइहेदियानवर 10 आहेत. तो दहावा म्हणजे हांगशी, माकडासारख्या तोंडाचा, पंख असलेला, हातात वज्र धरलेला. विजेपासून रक्षण करायला त्याला तिथे ठेवलं, असं मानतात.

हातातलं ते वज्र बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलं. आता आढ्याच्या दोन्ही टोकांना पाहा. तिथे उघड्या जबड्याने आढं गिळू पाहणारा प्राणी दिसेल, त्याला चिवेन म्हणतात. ताइहेदियानवरचा चिवेन 3.4 मीटर उंच आहे आणि 13 तुकडे जोडून केलेला आहे. जुन्या ग्रंथांत कथा अशी आहे की हान राजधानीतला एक उंच मनोरा जळाल्यावर कुणी सुचवलं, समुद्रात असा एक मासा आहे जो शेपटीने लाटा उडवून पाऊस पाडतो, त्याचं रूप छपरावर बसवा. पुढे या माशाचं रूप बदलत गेलं आणि त्यात आपल्या मकराचा प्रभाव असावा असं काही अभ्यासक मानतात. वेरूळच्या 21 व्या लेण्यात गंगा ज्या मकरावर उभी आहे त्याची सोंडेसारखी नाकाडी डोळ्यांसमोर आणा आणि मग चिवेनचा जबडा पाहा. मला तरी हे नातं खरं वाटतं. त्याच्या पाठीत तलवारीची मूठ खुपसलेली असते, तो उडून जाऊ नये म्हणून.

जाताना एक साधी दुर्बीण न्या. ताइहेदियान ओट्यासह सुमारे 35 मीटर उंच आहे, खालून हांगशी नुसता ठिपका दिसतो, आणि तो रांगेत सगळ्यात मागे असल्यामुळे कोपऱ्यातून तिरकं बघावं लागतं. त्यापेक्षा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या राण्यांच्या महालांत जा. तिथली छपरं बुटकी, गर्दी थोडी कमी, पाचही जनावरं नीट ओळखता येतात. आणि पाऊस लागला तर आडोसा शोधत लांब जाऊ नका. ताइहेदियानच्या तीनपदरी संगमरवरी ओट्याच्या कडेला 1142 दगडी ड्रॅगनमुखं आहेत, आपल्या देवळांतल्या मकरमुखांसारखी, आणि जोराच्या सरीत त्या सगळ्यांच्या तोंडून पाणी पडतं. मी गेलो त्या दिवशी ऊन होतं.