घन धातू वापरून प्लाझ्मा इंजिनावर अंतराळयान चालवता येतं का?

हो, येतं, आणि असे थ्रस्टर (यानाला रेटा देणारी छोटी इंजिनं) अवकाशात जाऊनही आलेत: 2015 साली सोडलेल्या ब्रिकसॅट-पी या छोट्या उपग्रहावर निकेलचा कॅथोड (विजेचं ऋण टोक, हीच इंधनाची कांडी) असलेले थ्रस्टर बसवले होते. यात धातू जळत नाही. निर्वातात कॅथोडवर विजेचा आर्क पाडला की वेल्डिंगसारखा झगमगता ठिपका तयार होतो, फक्त तो असतो काही मायक्रोमीटरचा. तेवढ्या जागेत प्रचंड प्रवाह एकवटल्यामुळे तिथल्या धातूची वाफ होते, लगेच प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, बनतो आणि त्यातले आयन (विद्युतभारित अणू) सेकंदाला साधारण 10 ते 20 किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. रासायनिक रॉकेटमधून वायू फार तर साडेचार किलोमीटर वेगाने निघतो, म्हणून तेवढाच वेगबदल मिळवायला इथे खूप कमी वस्तुमान खर्ची पडतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती साठवणुकीची. इतर विद्युत इंजिनांत इंधन म्हणून वापरतात त्या झेनॉन वायूला उच्च दाबाची टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या लागतात, शिवाय तो दुर्मिळ आणि महाग. धातूची कांडी मात्र नुसती जागेवर बसवायची. गळती नाही, स्फोटाची भीती नाही. लहान उपग्रहांसाठी ही फार मोठी सोय आहे.

सर्वांत मोठी मर्यादा: रेटा अगदी क्षीण, मायक्रोन्यूटन ते मिलीन्यूटनच्या घरात. एक मिलीन्यूटन म्हणजे पृथ्वीवर 0.1 ग्रॅमचं वजन. त्यामुळे जमिनीवरून उड्डाण अशक्य. कक्षेत पोहोचल्यावर दिशा सावरणं, कक्षा हळूहळू बदलणं एवढंच याचं काम.