दक्षिण कोरियाची कादंबरीकार गाँग जी-यंग वाचायला घेतेस? मग इथून सुरुवात कर

सुरुवात 'अवर हॅपी टाइम'पासूनच (2005) कर. फाशीची शिक्षा झालेला युनसू आणि स्वतःचा जीव घ्यायला निघालेली युजंग दर गुरुवारी तुरुंगात भेटतात. प्रेमकथा समजून भराभर पानं उलटू नकोस. खून झालेल्या बाईची म्हातारी आई युनसूला भेटायला येते, तिथे थांब. माफ करायचं ठरवून आलेली ती, त्याला समोर पाहताच कोलमडते. कोर्टाचा निकाल केव्हाच लागलाय, पण हिचं काय? माझ्या मते अख्खी कादंबरी त्या भेटीत आहे.

मग 'दोगानी' (2009). ग्वांगजू शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या अत्याचारांवर बेतलेली. इथे कोर्टच गुन्हेगारांना सांभाळून घेतं. सलग वाचवणार नाही, थांबत वाच. 2011मध्ये चित्रपट आला, लोक पेटून उठले आणि त्याच वर्षी संसदेला कायदा कडक करावा लागला.