शांत वास्तू रचताना

सप्रेम आशीर्वाद.

वाचनालयाचे तुझे नकाशे सवडीने पाहिले. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि एका बाजूला छतापर्यंत काच, असे ते दालन चित्रात फार शांत दिसते. पण चित्रातून आवाज ऐकू येत नाही. आवाज शोषणारे काहीच नसल्याने तिथे एक खुर्ची सरकली तरी तिचा निनाद सेकंद-दोन सेकंद रेंगाळेल आणि वाचणाऱ्यांच्या माना वर होतील. हा निनाद एका सेकंदाच्या आत विरायला हवा. त्यासाठी छताला सच्छिद्र पॅनेल लाव आणि पुस्तकांची कपाटे मागच्या खोलीत न दडवता दालनातच आण. छायाचित्र थोडे कमी देखणे येईल, येऊ दे.

रस्त्याकडची भिंत जाड केलीस हे उत्तम, पण फटींचे काय? भिंतीच्या क्षेत्रफळाचा अवघा १ टक्का भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही जाड असली तरी ती सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दाराखालची पट्टी विसरलास, तर भिंतीवरचा खर्च पाण्यात गेला म्हणून समज.

वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी फिनलंडमधील पायमिओ येथे क्षयरोग्यांसाठी उभारलेले आरोग्यधाम १९३३ साली सुरू झाले. रुग्ण दिवसभर उताणा पडून असणार, त्याची नजर छतावरच खिळणार, हे ध्यानात घेऊन त्यांनी छताला गडद, निवांत रंग दिला, दिवा थेट डोळ्यांवर येणार नाही असा बसवला आणि हात धुण्याच्या भांड्याला असा उतार दिला की पाण्याच्या धारेने खोलीतला दुसरा रुग्ण जागा होऊ नये. वास्तूतला सुसंवाद मला तिथे दिसतो. दर्शनी बाजूच्या खिडक्या एका रेषेत आणणे त्यामानाने सोपे.

प्रवेशाचाही पुन्हा विचार कर. भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, तर वाचनाच्या टेबलाला ५०० लक्स पुरतात. बाहेरून थेट दालनात आलेल्या माणसाला ती जागा अंधारी वाटणार आणि मग कुणीतरी सगळे दिवे लावून ठेवणार. त्याऐवजी कमी उंचीची, एक वळण घेणारी मार्गिका दिलीस, तर डोळे सरावतील, रस्त्याचा गोंगाट मागे पडेल आणि आत येणाऱ्याचा आवाज आपसूक खाली येईल.

पुढच्या वेळी प्लॅनच्या आधी सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचे चित्र, पाठव आणि वातानुकूलनाचे यंत्र त्यात कुठे बसते ते दाखव. सध्या तू ते नेमके वाचकांच्या डोक्यावर ठेवले आहेस.