शुगरबद्दल सगळं समजावलं तरी वडील गोळ्या चुकवतात, अजून कसं समजावू?

अजून समजावू नका, गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून द्या, म्हणजे दात घासले की गोळी किंवा जेवायला बसलं की गोळी (आधी की नंतर ते चिठ्ठीवर बघा), कारण माहिती असणं वेगळं आणि रोज न चुकता करणं वेगळं, लेक्चरने दुसरं होत नाही. डब्ल्यूएचओच्या २००३ च्या रिपोर्टनुसार विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांचे साधारण ५० टक्केच पेशंट औषधं नीट घेतात, त्यामुळे वडील काही जगावेगळे नाहीत. वारांचे कप्पे असलेला डबा आणा, घेतली की राहिली ते लगेच दिसतं. फक्त विसरतायत की मुद्दाम टाळतायत ते आधी विचारा, पोट बिघडतं म्हणून टाळत असतील तर डबा काय करणार, डॉक्टरांशीच बोलावं लागेल.