लॅपटॉप अतिशय मंद झाला आहे. दोष हार्ड डिस्कचा आहे हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की, नाशिक रोडच्या घरी वापरात असलेला, एक टीबी हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप सुरू व्हायला दहा-बारा मिनिटे घेतो, टास्क मॅनेजरमध्ये (संगणकाचा कोणता भाग किती गुंतला आहे हे दाखवणारी विंडोजची खिडकी) डिस्क सतत १०० टक्के दिसते, द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदींची एक्सेल फाइल उघडताना सगळेच अडकून बसते आणि दुकानदाराने फॉरमॅट मारून घेण्याचा सल्ला दिला आहे. फॉरमॅट तूर्त करू नका. मी अंबडमधील एका कारखान्यातील संगणकांची देखभाल करतो आणि असे लॅपटॉप माझ्याकडे नेहमीच येतात.

१०० टक्के हा आकडा डिस्क किती वेळ गुंतलेली आहे एवढेच सांगतो. त्या वेळात काम किती झाले, हे त्यातून कळत नाही. विंडोजचे अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असली, तर ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) धडधाकट डिस्कदेखील १०० टक्क्यांवर जाते. म्हणून टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्कवर क्लिक करून खालचे दोन आकडे पाहावेत: वाचनाचा वेग आणि सरासरी प्रतिसादवेळ. वेग जवळपास शून्यावर असताना प्रतिसादवेळ वारंवार हजारो मिलिसेकंदांवर जात असेल, तर डिस्क एखादा खराब सेक्टर (माहिती साठवण्याचा डिस्कवरील छोटा कप्पा) पुन्हापुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक वेळी त्याच फाइलवर अडकत असेल, तर संशय आणखी बळावतो.

पुढची कोणतीही तपासणी करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, आणि तोही निवडून: आधी फवारणीच्या नोंदी, बिले, फोटो, ज्या फाइलवर कॉपी अडकते ती सोडून पुढे जावे आणि तिच्याकडे शेवटी वळावे.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल स्वतःच ठेवत असलेल्या ‘स्मार्ट’ नोंदी ते दाखवते. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. त्यात ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. सी५ची रॉ व्हॅल्यू (शेवटच्या रकान्यातला मूळ आकडा) शून्याहून अधिक असून दिवसागणिक वाढत असेल, तर त्या डिस्कवर विसंबू नये, मग वर ‘गुड’ असे निळ्या चौकटीत लिहिलेले का असेना. हे आकडे मुळात षोडशमान (सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीत दिसतात, त्यामुळे तेथील १० म्हणजे आपले १६. दशमान आकडे हवे असल्यास मेनूमध्ये तशी सोय आहे. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर दिसणारे अवाढव्य आकडे मात्र सहसा निरुपद्रवी असतात. ते पाहून घाबरू नये. सी७ वाढत असेल, तर डिस्कपेक्षा तिची केबल किंवा कनेक्टर आधी तपासावा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजमधील घडामोडींची नोंदवही दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘सिस्टीम’ नोंदींत ‘डिस्क’ या नावाने क्रमांक ७ किंवा १५३चे इशारे सापडले, तर तोही पुरावाच.

दुकानदाराचा सल्ला मुद्दाम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण फॉरमॅटनंतर लॅपटॉप काही काळ खरोखर पळतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या सेक्टरांवर नव्याने लिहिले जाते, तेव्हा डिस्क खराब सेक्टरांच्या जागी राखीव सेक्टर वापरते, सी५ शून्यावर येतो आणि सगळे आलबेल वाटते. पृष्ठभागाची झीज मात्र थांबलेली नसते. ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या आज्ञेचेही तसेच. तिचा ‘आर’ पर्याय संपूर्ण डिस्क वाचून काढतो, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण झेपेलच असे नाही.

या सर्व नोंदी स्वच्छ निघाल्या, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी कार्यप्रणाली) सुरू करून पाहावे. तेथेही डिस्कवरील फाइल रखडत उघडल्या, तर दोष विंडोजचा नाही. तेथे त्या झटपट उघडल्या, तर डिस्क केवळ आजच्या विंडोजपुढे कमी पडते आहे, आणि त्यावर अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली, जुन्या डिस्कच्याच जागी बसणारी वेगवान डिस्क) हाच उपाय मला पटतो. डिस्क बदलण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडण्याचा क्रमांक, लिहून ठेवावी.

डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर यातले काहीही न करता लॅपटॉप बंद करावा आणि डेटा मोलाचा असल्यास डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.