एबीएसचा दिवा, आणि गाडी थांबताना पेडलला बसणारे धक्के

तुम्ही लिहिलंत ते असं: गाडी सात वर्षांची, रत्नागिरीत समुद्राजवळ उघड्यावर उभी. पावसाळा सरताना एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर दोषाचा कोड सी ००३५ आला, सिग्नलला अगदी थांबता थांबता पेडल पायाखाली थरथरतं आणि गॅरेजवाले चाकांचा वेग मोजणारे चारही सेन्सर बदला म्हणतायत. थांबा, अजून एकही सेन्सर विकत घेऊ नका.

सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. त्यात सेन्सर आला, वायर आली, कपलर (वायरचा जोड) आला आणि चाकाबरोबर फिरणारी, जिच्यावरून सेन्सर वेग मोजतो ती रिंगही आली. यातलं नेमकं काय बिघडलंय ते कोडवरून कळत नाही.

तुमच्या वर्णनातली खरी खूण म्हणजे ती थरथर, आणि तीही फक्त वेग ताशी दहाएक किलोमीटरपर्यंत उतरल्यावर. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे कॉइल आणि चुंबकाच्या सेन्सरचा सिग्नल वेगाबरोबर वाढतो. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर जेमतेम एक मिलिमीटर असतं. गंजाने ते थोडं जरी वाढलं, तरी जोरात पळताना काही जाणवत नाही. वेग उतरला की मात्र आधी त्याच चाकाचा सिग्नल बुडतो. एबीएसच्या युनिटला, म्हणजे त्याच्या कंट्रोल कॉम्प्युटरला, वाटतं चाक लॉक झालं, म्हणून ते तिथला ब्रेकचा दाब सोडतं. कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरतं ते यामुळे. गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

आता एबीएस वाचणारा स्कॅनर लावून घ्या. स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसऱ्याला गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही चारही चाकांचे वेग बघत बसा. वेग हळूहळू उतरवल्यावर जे चाक इतरांच्या आधी शून्यावर जातं, तेच आपलं चाक. एखादं चाक सतत थोडा वेगळा आकडा दाखवत असेल, तर आधी टायरची साइज आणि हवा बघा.

मग गाडी जॅकस्टँडवर घेऊन ते चाक काढा. कोकणातल्या गाड्यांत मी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्यात. एक, सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगतो आणि सेन्सर वर उचलला जातो. दुसरी, ॲक्सलवर दाबून बसवलेली दात्यांची रिंग आतल्या गंजाने तडकते. टॉर्च धरून चाक पूर्ण एक फेरा फिरवा. केसाएवढी चीर असते, अर्ध्या फेऱ्यात सुटून जाते. चाक हलवून बेअरिंगची ढिलाईही बघा, कारण तिनेही अंतर बदलतं. वायर स्टिअरिंगबरोबर जिथे वाकते तिथे वरचं आवरण धड असूनही आतली तार तुटलेली असू शकते. मीटर लावून ती हलवत तपासा.

मीटरबद्दल एक कळकळीची सूचना. जुन्या पद्धतीचा सेन्सर असेल तर कपलर काढून रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ते दोन हजार ओहम येतो, आणि चाक हाताने फिरवल्यावर थोडा एसी व्होल्टेजही दिसतो. पण बऱ्याच नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर, म्हणजे युनिटकडून वीज घेऊन चालणारा सेन्सर असतो. त्यालाही दोनच वायरी असल्याने फसगत होते. त्याला ओहममीटर लावू नका, आतलं सर्किट जळू शकतं. तो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर बोलतो, म्हणून त्याच्यासाठी हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या बाजूला वीजपुरवठा येतोय का ते बघायचं, तेही किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर. दोष पकडला की काही युनिटं तो पुरवठा बंद करतात.

अलीकडे बेअरिंग बदललंय का, हेही आठवून बघा. अनेक गाड्यांत चुंबकी रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते. माझ्या स्वतःच्या गाडीत एका गॅरेजने बेअरिंग उलटं बसवलं होतं, म्हणजे रिंग सेन्सरपासून दूरच्या बाजूला गेली होती. त्यापायी मी दोन चांगले सेन्सर बदलले आणि दिवा जसाच्या तसा राहिला.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर आधी ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती ठीक असेल तर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते, आणि मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. अशी गाडी घाटात नेऊ नका.

रिंग धड असेल तर सेन्सर काढून बैठक पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा आणि पुन्हा बसवा. कोड पुसल्यावरही काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. थोडं अंतर चालवल्यावर युनिटला चारही सिग्नल मिळतात, तेव्हाच तो जातो.