पेन-शाईने म्हैस काढली की नुसता काळा गोळा होतो, काय चुकतं?

उत्तर: म्हैस काळी आहे म्हणून आपण ती काळी करायला जातो, तिथेच घोळ होतो. शाईत पांढरं परत मिळत नाही, म्हणून उजेड कुठे ठेवायचा ते आधी ठरवा. पाठीचा कणा, पुठ्ठ्याची (कमरेमागची) वर आलेली हाडं, ओली नाकपुडी, एवढं कोरं सोडा. पोटावरच्या रेघा सरळ उभ्या मारू नका, पिंपाला दोरी गुंडाळावी तशा वळवून घ्या. गडद हवं तिथेच दुसरा थर आडवा.

आमच्या वडोदऱ्याकडे सुरती म्हशी दिसतात. त्यांची शिंगं कोयत्यासारखी, आधी खाली-मागे जाऊन टोकाला वर वळणारी. गळ्याखाली दोन पांढरे पट्टे असतात, ते पेनवाल्याला देवानेच दिलेत! कांकरेज जातीचा बैल मात्र शिंगांवरूनच ओळखू येतो; तिथे वशिंड आणि गळ्याखालची पोळी (लोंबणारी कातडी) एका दमात, पेन न उचलता काढा.

मागच्या पायाचा ‘उलटा गुडघा’ म्हणजे खरं तर घोटा. गुडघा वर, पोटाला चिकटून असतो. हे कळेपर्यंत माझ्या सगळ्या गाई खुर्चीवर बसल्यासारख्या दिसायच्या.

दुपारी जनावर रवंथ करत बसलेलं असतं, तेव्हा जा. शेपूट आणि कान शेवटी काढा, ते काही थांबत नाहीत. आणि हो, वॉटरप्रूफ इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नका, वाळून पेन कायमचं तुंबतं. शाईत बुडवून वापरायचा टाक घ्या.